कौशल्य तुमचं, नाल त्यांची

परवा अलका चौकात चहा पिता पिता एका तरुण वकील मित्राने मला अडाणी ठरवलं. कारण एवढंच, की मी म्हणालो, "ऑनलाइन पत्त्यांवर बंदी आली ते बरंच झालं." त्याने कप खाली ठेवला. "दादा, तुम्ही पत्रकार मंडळी रमी, पोकर आणि मटका एकाच पोत्यात भरता. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे, गणिताचा खेळ आहे. तुम्हाला गणित येत नाही म्हणून तुम्ही त्याला जुगार म्हणता."

हल्ली हे वाक्य फार ऐकू येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेव्हापासून 'कौशल्य' हा शब्द असा वापरला जातोय, जणू तो उच्चारला की पुढचं सगळं आपोआप पवित्र होतं.

वकीलसाहेब, मला गणित येतं. रानडेत डिप्लोमा करताना गणित नव्हतं हे खरं. पण पोकरचं हे गणित मला घरातल्याच एका पोराने शिकवलं आणि त्याची फी आमच्या घराने भरली आहे. म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. मधे थोडी आकडेमोड आहे, ती टाळू नका, कारण सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

माझा भाचा. बहीण इंदापूर तालुक्यात असते, ऊस आणि दोन म्हशी. पोरगा बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, पहिल्या वर्गात. मग आपल्याकडच्या हजारो पोरांसारखा एमपीएससीसाठी पुण्यात आला. नवी पेठेत कॉट बेसिसवर खोली, अभ्यासिका, मेस. हुशार पोरगा. पूर्व परीक्षेतल्या नकारात्मक गुणांचं गणित त्यानेच मला समजावलं होतं. चार पर्याय, चुकलं तर प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापणार. तो म्हणाला, "मामा, समजा चारशे प्रश्न डोळे झाकून सोडवले. सरासरीने शंभर बरोबर येतील, तीनशे चुकतील. शंभर मिळाले, पंच्याहत्तर गेले. म्हणजे आंधळा ठोकासुद्धा तोट्याचा नाही. आणि एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल, तर सोडून देणं हा मूर्खपणा." मी खूश झालो. म्हटलं, पोरगं अधिकारी होणार.

ज्या डोक्याने त्याने हे ओळखलं, त्याच डोक्याने तो पोकरकडे गेला. म्हणून "अडाणी लोकच फसतात" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

मला कळलं तेव्हा तो अजिबात लाजला नाही. उलट मेसच्या बिलामागे मला शिकवायला बसला. "मामा, हा जुगार नाही, बघा तरी." मी बघितलं. तुम्हीही बघा.

होल्डेम पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकलेली. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडतात. आधी तीन, मग चौथं, मग पाचवं. हातातली दोन आणि मधली पाच मिळून सगळ्यात भारी पाच पानं ज्याची, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली. आपल्या गणपतीच्या मांडवात जागरणाला चालते त्या तीन पानीत चाल वाढत जाते आणि खिसा मोठा असलेला माणूस नुसत्या दमाने समोरच्याला पॅक करायला लावतो. फिक्स्ड लिमिट पोकरमध्ये ते चालत नाही. बोलीचा आकडा बांधलेला असतो. दहा-वीसचं टेबल असेल तर पहिल्या दोन टप्प्यांत बोली दहाची, शेवटच्या दोन टप्प्यांत वीसची. वाढवायचं तरी तेवढ्याच पायरीने, आणि तेही ठरावीक वेळाच. घाबरवून कुणाला हाकलता येत नाही. त्यामुळे सगळा खेळ एका प्रश्नावर येतो. मला हवं ते पान यायची शक्यता किती, आणि त्यासाठी मागितलेला भाव परवडतो का?

समजा तुमच्या हातात दोन बदाम आहेत. मधे चार पानं उघडली, त्यात दोन बदाम. आणखी एक बदाम आला की पाच बदामांचा फ्लश, डाव बहुतेक तुमचा. नाही आला तर हात रिकामा. कॅटमध्ये बदाम तेरा. चार दिसले, उरले नऊ. तुम्ही एकूण सहा पानं पाहिलीत, न पाहिलेली शेहेचाळीस. त्यातली नऊ कामाची, सदतीस बिनकामाची. म्हणजे एकास साधारण चार पूर्णांक एक असा तुमच्या विरुद्धचा भाव.

आता समोरच्याने वीस लावले आणि त्याचे वीस धरून मधे शंभर रुपये जमलेत. तुम्ही वीस भरायचे की पानं टाकायची? हीच परिस्थिती शेहेचाळीस वेळा आली असं धरा. नऊ वेळा तुम्ही शंभर मिळवाल, म्हणजे नऊशे. सदतीस वेळा वीस घालवाल, म्हणजे सातशे चाळीस. फायदा एकशे साठ. भरा. हेच तुम्ही भिडूंशी रमी खेळताना मधलं एकच पान अडलेली सीक्वेन्स पुरी व्हायची वाट बघता तसं असेल, तर पोकरमध्ये कामाची पानं फक्त चार उरतात. चार वेळा शंभर म्हणजे चारशे, बेचाळीस वेळा वीस म्हणजे आठशे चाळीस. चारशे चाळीसचा खड्डा. टाका पानं. नवखा माणूस टाकत नाही. त्याला वाटतं, "आता येणारच." त्याच्या या 'येणारच' मधून जाणकाराचा खिसा भरतो.

म्हणजे कौशल्य आहे. मी ते नाकारत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दोन खेळाडूंचा फिक्स्ड लिमिट होल्डेम जवळपास पुरता सोडवला. त्यांच्या सेफियस नावाच्या प्रोग्रामशी माणूस आयुष्यभर खेळला, तरी त्याची चूक सिद्ध करता येणार नाही इतका. मटक्याचा आकडा असा कुणी सोडवू शकत नाही. वकीलसाहेब, इथपर्यंत तुम्ही जिंकलात.

आता पुढचं. हे गणित मांडताना भाच्याने एक गोष्ट सोडली होती. तुम्हीही सोडता, आणि तुमच्या अशिलाच्या जाहिरातीत तर ती कधीच नसते.

मी तालुक्याला वार्ताहर होतो तेव्हा जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला की ठाण्यातून बातमी यायची. त्या वेळी एका जुन्या हवालदाराने मला एक शब्द शिकवला होता. नाल. प्रत्येक डावामागे अड्ड्याचा मालक जो हिस्सा काढून घेतो, ती नाल. मालक स्वतः खेळत नाही, हरत नाही, जिंकत नाही. चहा, सतरंजी, पत्ते आणि दारावर एक पोरगा, एवढं त्याचं भांडवल. हवालदार म्हणायचा, "साहेब, या खेळात जिंकणारा एकच, जो खेळत नाही तो." इंग्रजीत तिला रेक म्हणतात. ॲपवरही ती असते. फक्त तिथे सतरंजी नसते.

आता वरचाच हिशेब नाल धरून करा. पाच टक्के धरू. तुमचे वीस पडल्यावर मधे एकशे वीस झाले. जिंकलात तर त्यातले सहा ॲपने काढले. म्हणजे नऊ वेळा तुम्हाला शंभर नाही, चौऱ्याण्णवच मिळाले. आठशे सेहेचाळीस. वजा सातशे चाळीस. उरले एकशे सहा. आधी एकशे साठ होते. पाच टक्के म्हणता म्हणता तुमच्या फायद्याचा तिसरा हिस्सा गेला.

अजून एक पाहा. मधे शंभरऐवजी पंच्याऐंशीच आहेत. नालेशिवाय नऊ गुणिले पंच्याऐंशी, सातशे पासष्ट. फायदा पंचवीस. बारीक, पण फायदा. भरणं बरोबर. आता नाल धरा. एकशे पाचचे पाच टक्के, सव्वापाच रुपये. हातात आले पावणेऐंशी. नऊ वेळा मिळून सातशे अठरा रुपयेसुद्धा होत नाहीत. खर्च सातशे चाळीस. तोटा बावीस.

नीट बघा काय झालं ते. पान तेच, शक्यता तीच, खेळाडूचं कौशल्य तेच. बरोबर निर्णय चुकीचा ठरला आणि तो टेबलावर बसलेल्या कुणी चुकीचा ठरवला नाही.

जाणकार म्हणतील, फ्लश लागल्यावर शेवटच्या टप्प्यात समोरच्याकडून आणखी वीस निघू शकतात, ते धर. धरतो. निघाले तर गणित सावरतं. पण निघतील की नाही हे समोरच्याच्या हातात, आणि मधे तीन बदाम उघडे पडलेले पाहून समोरचाही आंधळा नसतो. शिवाय कधी त्याचा फुल हाउस असतो आणि तुमचा फ्लश त्याखाली चिरडतो. नाल मात्र या कशावर अवलंबून नाही. ती प्रत्येक मोठ्या डावातून निघतेच.

आणि फिक्स्ड लिमिटमध्ये हे जास्त बोचतं. बोली बांधलेली असल्यामुळे चांगल्या खेळाडूचा फायदाही बांधलेला असतो. एका डावात कुणाला नागवून वर्षाची नाल भरून काढता येत नाही. थेंबाथेंबाने मिळवायचं आणि थेंबाथेंबाने द्यायचं.

भाच्याने हे सगळं एक्सेलमध्ये लिहून ठेवलं होतं. प्रामाणिक पोरगा, स्टॅटिस्टिक्सचा. प्रत्येक डावाचा हिशेब. चौदा महिने. शेवटी सगळं उघडं पडलं तेव्हा आम्ही दोघं रात्रभर ती फाइल बघत बसलो होतो. नाल बाजूला ठेवली तर तो अकरा हजार रुपयांनी पुढे होता. पुढे! म्हणजे समोर बसलेल्यांपेक्षा तो खरंच बरा खेळत होता. त्याच चौदा महिन्यांत त्याच्या डावांतून गेलेली नाल चौऱ्याहत्तर हजार. निव्वळ तोटा त्रेसष्ट हजार. तो भरायला उचललेलं मोबाइलवरचं कर्ज, त्याचं व्याज, वसुलीवाल्यांनी बहिणीला केलेले फोन, ते एक्सेलमध्ये नव्हतं. एक म्हैस विकली. त्या वर्षी पूर्व परीक्षेला तो बसलाच नाही. दाजी आजही त्याच्याशी सरळ बोलत नाहीत.

"मामा, मी चुकलो कुठे?" असं त्याने मला विचारलं होतं. फाइल उघडीच होती. पत्त्यात तो कुठेच चुकला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'कौशल्य की नशीब' हा वादच चुकीच्या जागी उभा केलाय. तो ज्यांच्या सोयीचा आहे त्यांनीच तो उभा केलाय. एकदा त्या वादात शिरलं की वकील दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं बोलू शकतात. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालय म्हणालं, पोकर कौशल्याचा खेळ नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन रमी-पोकरवरची तामिळनाडूची बंदी रद्द केली. चालू द्या. दरम्यान नाल निघत राहते.

आणि गंमत बघा. रमीवाले गेली कित्येक वर्षं ज्या निकालाचा झेंडा मिरवतात तो निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, नोव्हेंबर १९६७ चा. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण. सिकंदराबादच्या एका क्लबावर पडलेल्या छाप्याचं प्रकरण. त्यात न्यायालय म्हणालं की रमीत कोणतं पान ठेवायचं, कोणतं टाकायचं, पडलेली पानं कशी लक्षात ठेवायची याला बरंच कौशल्य लागतं. तीन पानीसारखा तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच निकालात पुढे असंही आहे, की पैसे लावून चाललेल्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून जागेचा किंवा क्लबाचा मालक नफा काढतोय असा पुरावा असेल, तर गुन्हा लागू शकतो. पत्त्यांचे, बसण्याचे माफक पैसे घेणं वेगळं, त्याला न्यायालयाने हरकत घेतली नाही. पण खेळातून नफा? तिथे बोट ठेवलं. हा अर्धा भाग जाहिरातीत कुणी ऐकलाय? मी तरी नाही.

आपला जुना मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यातही अड्ड्याची व्याख्या करताना मालकाच्या नफ्यासाठी ठेवलेली साधनं हाच गाभा आहे. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ तिथे सापडणाऱ्याला. इंग्रजाला आपल्या संस्कारांची काळजी नव्हती, पण अड्ड्याचा धंदा कशावर चालतो हे त्याला कळत होतं.

त्याहून जुनं सांगू? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याने जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यायचे, वर फाशांचं भाडं, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. शेकडा पाच! आकडासुद्धा बदललेला नाही. पण तिथे नाल घेणारा राजाचा माणूस होता आणि ती राजाच्या खजिन्यात जात होती, एवढं तरी सरळ होतं.

आणि कौशल्याच्या बाजूने बोलायचं तर आपल्याकडे नळराजाची गोष्ट आहेच. नळ पुष्कराकडून राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाकडे बघून फळं-पानं किती ते सांगितलं, नळाने रथ थांबवून मोजून पाहिलं, तर बरोबर. तेव्हा नळाने अश्वविद्या दिली आणि बदल्यात अक्षहृदय घेतलं, म्हणजे फाशांचं मर्म. मग पुष्कराला हरवून राज्य परत मिळवलं. 'नऊ कामाची, सदतीस बिनकामाची' हे आजचं अक्षहृदयच. माझा भाचाही नळच. पण नळ आणि पुष्कर यांच्या पटामधे कुणी तिसरा बसला नव्हता, प्रत्येक डावात पाच टक्के काढणारा. असता तर नळाला राज्य परत मिळून त्यातली दोन-चार गावं तरी त्याच्या नावावर गेली असती. आणि दोघं रोज खेळत बसले असते तर काही वर्षांत सगळंच.

आता सरकारकडे वळू, कारण बंदीचं स्वागत केलं म्हणून मी सरकारचा भाट झालो असा कुणाचा समज व्हायला नको.

१ ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांवर, खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर, २८ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी एप्रिल २०२३ पासून वर्षाच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के टीडीएस. म्हणजे भरताना एक नाल, जिंकलात तर दुसरी, मधे ॲपची तिसरी. आणि ज्या दिवशी कायदा आणला त्या दिवशी सरकारनेच सांगितलं की अंदाजे ४५ कोटी लोक यात वर्षाला २०,००० कोटी रुपये गमावतात. हे एका रात्रीत कळलं का? तोवर खजिन्यात नाल येत होती तेव्हा हे ४५ कोटी लोक कुठे होते?

त्याच महिनाभर आधी आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाइलवर पत्ते दिसतानाचा व्हिडिओ बाहेर आला होता. माणिकराव कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो. असेल, मी त्यांच्या मोबाइलमध्ये डोकावलेलो नाही. ३१ जुलैला त्यांचं कृषी खातं काढून आमच्या इंदापूरच्या दत्तात्रय भरणेंना दिलं आणि कोकाटेंना दिलं क्रीडा खातं! विनोद मी करत नाहीये, शासनानेच केलाय. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधला एक फौजदार क्रिकेटच्या ॲपवर दीड कोटी जिंकला, आपण सगळ्यांनी बातमी चवीने वाचली आणि मग तो निलंबित झाला. जो जिंकला त्याचं नाव देशाला कळलं. हरलेल्या माझ्या भाच्यासारख्यांची बातमी मीही कधी केली नाही. ही चूक माझ्या धंद्याची, कबूल करतो. आम्ही छाप्याची बातमी छापतो, "इतके जण ताब्यात, इतक्या रोकडीसह मुद्देमाल जप्त," आणि नाल कोण घेत होता हे पाचव्या ओळीतसुद्धा नसतं. पुष्कळदा एफआयआरमध्येच नसतं.

नव्या कायद्यात एक गोष्ट मला पटते. कौशल्य की नशीब, हा प्रश्नच त्यात बाजूला ठेवलाय. पैसे लावून ऑनलाइन खेळवलंत की संपलं. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे बरोबर आहे. शिक्षा नाल घेणाऱ्याला हवी, देणाऱ्याला नको. सर्वोच्च न्यायालयात हा कायदा टिकला नाही तर तो 'कौशल्या'च्या नावाने पडेल, याचीच मला भीती आहे.

पण बंदीने काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी शुक्रवारी रात्री स्वारगेटला किंवा कात्रजच्या बोगद्याकडे उभं राहून गोव्याकडे निघालेल्या गाड्या बघाव्यात. सगळे काही समुद्र बघायला जात नाहीत. पणजीला मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत आणि नवा कायदा फक्त ऑनलाइनचा आहे. आपल्या राज्यानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ते उत्तम झालं. पण टेबल घराबाहेर हलवलं म्हणून पोरांच्या डोक्यातलं टेबल जात नाही. परदेशातून चालणाऱ्या साइट्स आहेत, टेलिग्रामवर ग्रुप आहेत, सोसायटीच्या फ्लॅटमध्ये चालणारे खासगी डाव आहेत. तिथली नाल पाच टक्के आहे की दहा, हे विचारायला कुणी नाही.

मग करायचं काय? "पत्ते वाईट" असं सांगून भागणार नाही. पोरं हसतात, आणि बरोबर हसतात. मी स्वतः मांडवात रात्र रात्र पत्ते कुटलेत. मेंढीकोट खेळताना हुकूम मोजता येत नसेल तर माझी आई मला भिडू घ्यायची नाही.

दहावीच्या गणित भाग १ च्या पुस्तकात संभाव्यता हा धडा आहे. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो एक्का असण्याची संभाव्यता किती? उत्तर, तेरात एक. राज्यातली लाखो पोरं दर वर्षी हे गणित सोडवतात आणि पूर्ण गुण घेतात. म्हणजे शासन पोरांना पत्ते मोजायला आधीच शिकवतंय! फक्त पुढचा प्रश्न विचारत नाही. तो एक्का आला तर दहा रुपये मिळणार असतील, तर डावाला एक रुपया लावणं परवडेल का? आणि बारा मिळणार असतील, पण मधला माणूस त्यातले पाच टक्के काढणार असेल, तर? हा एक प्रश्न पुस्तकात आला तर लॉटरीचं तिकीट, क्रिकेटचं ॲप, शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या टिपा, सगळ्यांकडे पोरगं वेगळ्या नजरेने बघेल. माझ्या भाच्याने पदवीपर्यंत संभाव्यता शिकली. नाल कुठल्याच सेमिस्टरला नव्हती.

वकील मित्राला मी हे सगळं टिश्यू पेपरवर लिहून दाखवलं. पंच्याऐंशी रुपयांच्या हिशेबाशी तो थांबला. दोनदा करून पाहिला. मग म्हणाला, "दादा, पण हे याचिकेत कुणीच मांडत नाहीये." मी म्हणालो, मांड की तू.

माझ्याकडून मी दुसरं काम घेतलंय. बालभारतीच्या गणित समितीसाठी एक पत्र तयार केलंय. त्यात बदामाचं उदाहरण आहे, नालेशिवाय आणि नालेसह. पत्ते पाठ्यपुस्तकात चालणार नाहीत असं कुणी म्हणालं तर ते तिथे आधीच आहेत, पान दाखवीन. सोमवारी सेनापती बापट रोडवर स्वतः नेऊन देणार आहे. तुमच्यापैकी जे गणिताचे शिक्षक असतील त्यांनी वरची आकडेमोड तपासून रविवारपर्यंत मला कळवा. भाच्याने तपासली आहे, पण तो म्हणतो, "मामा, माझ्यावर विश्वास ठेवू नका, अजून एकाला दाखवा."